काठी कोण धरणार?

आपल्यापैकी बहुतेकांचं गोल्फ म्हणजे टायगर वूड्स आणि कॉम्प्युटरवरचा एखादा गेम. होलमधल्या त्या झेंड्याच्या काठीबद्दलही नियमबियम असतील असं कुणाच्या मनात येत नाही. मी मात्र या खेळाच्या जुन्या नियमावल्या चाळायला घेतल्या आणि त्या काठीपाशीच अडकलो.

सुरुवात १७४४ची. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या लीथ इथे गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी १३ नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने नियम ते हेच. चेंडू घोड्याने किंवा कुत्र्याने अडवला तर काय करायचं हे त्यात आहे. होलकडे जाणारी वाट क्लबने आखून घ्यायची नाही, हेही आहे. पण होल केवढा असावा? त्यावर एक शब्द नाही. आणि झेंडा? त्याचा तर उल्लेखच नाही!

होलचं माप ठरायला पुढे बराच काळ गेला. मसलबरा इथलं १८२९चं होल पाडायचं हत्यार आजही जपून ठेवलेलं आहे. त्याचं ४.२५ इंचांचं (साधारण १०८ मिलिमीटर) मापच १८९१मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने नियमात घातलं. तेव्हापासून होलचा आकार तोच.

आता काठी. तिचं काम एकच, लांबून होल कुठे आहे ते दाखवायचं. पण जोरात मारलेला पट काठीवर आपटून आत पडला तर? खुणेची काठी मदतीची झाली ना! म्हणून २०१८ संपेपर्यंत नियम असा होता की ग्रीनवरून मारलेला चेंडू होलमधल्या काठीला लागला तर दोन फटक्यांचा दंड. मॅच प्ले असेल तर तो होलच हातचा गेला.

मग लांबचा पट कसा मारायचा? कुणीतरी काठीपाशी उभं राहायचं आणि चेंडू निघाला की ती उपसायची. यातही शिष्टाचार आहेच. काठी आधीच सैल करून ठेवायची, झेंड्याचं कापड फडफडू नये म्हणून हाताने धरायचं, दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय द्यायचा नाही, आपली सावली होलवर पडू द्यायची नाही.

खरी गंमत इथे आहे. हा नियम वरवर भौतिकशास्त्राचा वाटतो, पण त्यात एक माणूस गृहीत धरलेला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटमध्ये न लिहिलेली डिपेंडन्सी! ज्याच्याकडे कॅडी आहे त्याला हा नियम कधी टोचतच नाही. ज्याच्याकडे नाही त्याने सोबतचा खेळाडू मोकळा होईपर्यंत थांबायचं, नाहीतर काठी काढून परत मागे यायचं आणि लांबून न दिसणाऱ्या होलकडे अंदाजाने मारायचं. नियम सगळ्यांना एकच, झळ मात्र कॅडी नसलेल्याला.

१ जानेवारी २०१९ला हा दंड गेला. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी जी कारणं दिली त्यात खेळाचा वेग होता आणि कॅडी नसलेल्या खेळाडूची हीच अडचणही होती. काठी ठेवल्याने एकंदरीत फार फायदा होऊ नये, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्यावर वाद झालेच. नासात काम केलेल्या डेव्ह पेल्झने १९९०मध्येच प्रयोग करून काठी ठेवलेली बरी असा निष्कर्ष काढला होता. ब्रायसन डीशॅम्बोने नियम बदलल्या बदल्या काठी ठेवून पट मारायला सुरुवात केली. बाकी कित्येक जण अजूनही ती काढायला लावतात. दोन्हीला मुभा आहे.

बदलाची खरी परीक्षा लवकरच झाली. २०२०च्या कोविडमध्ये अनेक देशांत काठीला हातच लावायचा नाही असं ठरलं. जुना नियम असता तर खेळाडूंनी काय केलं असतं? नियम आधीच सुटसुटीत झाला होता, म्हणून निभावलं.

मला हा बदल पटतो. एक गोष्ट मात्र थोडी कमी झाली. कॅडी नसेल तेव्हा निर्णायक पटला काठी धरून उभा असायचा तो बऱ्याचदा तुमचा प्रतिस्पर्धीच. तुमचा चेंडू आत गेला की तो हरणार, आणि तरी तुमच्या चेंडूला वाट मोकळी करून द्यायची ती त्यानेच. हे आजही करता येतं. फक्त आता ते मागावं लागतं.