इन्सुलिन उपचार आणि रक्तातील मेद (प्रकार १ मधुमेह)

प्रकार १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात आणि रोग्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. हे इन्सुलिन साखरेसाठी दिले जात असले, तरी त्याचा रक्तातील कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड व मेदाम्ले यांवर होणारा परिणाम तितकाच मूलगामी असतो. इन्सुलिन हे साखरेचे संप्रेरक ही समजूत अपुरी आहे. शरीराने मेद साठवायचा की जाळायचा, हेही तेच ठरवते.

इन्सुलिनच्या अभावी दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. मेदपेशींतील चरबी फोडणाऱ्या विकरांवर इन्सुलिनचा लगाम असतो. तो सुटला की मुक्त मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे जातो. यकृत त्यांतील काहींपासून कीटोन द्रव्ये बनवते आणि काहींची ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएल या मेदवाहक कणांच्या रूपाने रक्तात सोडते. दुसरीकडे, केशवाहिन्यांच्या भिंतीवर राहून रक्तातील ट्रायग्लिसराइडचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मेदऊतींत इन्सुलिनवाचून मंदावते. आवक वाढलेली आणि निचरा तुंबलेला, अशा अवस्थेत ट्रायग्लिसराइडची पातळी क्वचित डेसिलिटरमागे हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि रक्तद्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्याही तेव्हा फिकट, सायीच्या रंगाच्या दिसतात. फिलाडेल्फियातील नेत्रवैद्य हेल यांनी मधुमेही रोग्यात हे लक्षण १८८० मध्ये नोंदवले, म्हणजे इन्सुलिनच्या शोधाच्या चार दशके आधी. टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉमसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यापूर्वीच्या काळात अशा रक्ताला वैद्यांकडे उपासमारीच्या आहारापलीकडे फारसे उत्तर नव्हते.

कीटोॲसिडोसिसमध्ये (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याच्या अवस्थेत) इन्सुलिन सुरू होताच मेदपेशींतून होणारी गळती काही तासांत थांबते आणि पुढील दिवसांत ट्रायग्लिसराइड उतरतात. म्हणून निदानाच्या वेळी काढलेले लिपिड प्रोफाइल रोग्याच्या कायमच्या प्रकृतीचे चित्र मानू नये. साखर स्थिरावल्यावर ते पुन्हा करावे. यात प्रयोगशाळेचेही दोन सापळे आहेत. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) अनेकदा प्रत्यक्ष न मोजता सूत्राने काढले जाते आणि ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ./डेलि.च्या वर गेले की जुने, रूढ सूत्र विश्वासार्ह राहत नाही. शिवाय रक्तद्रवात फार मेद असेल, तर मोजण्याच्या काही पद्धतींत सोडियम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

साखर बराच काळ आटोक्यात राहिली की चित्र जवळजवळ उलटते. ट्रायग्लिसराइड व एलडीएल सामान्य किंवा किंचित कमी आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पुष्कळदा निरोगी माणसापेक्षा जास्त, असा अहवाल येतो. याचे कारण इंजेक्शनच्या मार्गात आहे. निरोगी शरीरात स्वादुपिंडाचे इन्सुलिन प्रथम यकृतात जाते, तेथे सुमारे निम्मे संपते आणि उरलेले इतर ऊतींना मिळते. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन आधी सर्व शरीरात पसरते. यकृताला वाट्याने कमी आणि मेदऊती व स्नायूंना जास्त मिळते. मेदऊतींतील लायपेज त्यामुळे जोमाने काम करते. व्हीएलडीएल वेगाने फुटतात आणि त्यांच्या आवरणाचे सुटलेले घटक एचडीएलमध्ये जमा होतात. इन्सुलिन पोटाच्या पोकळीत सोडले, तर त्याचा मोठा वाटा थेट यकृताकडे जातो. अशा रोपित पंपांवरील अभ्यासांत एचडीएलसह मेदांचे चित्र बदलल्याचे आढळले.

हे वाढलेले एचडीएल पाहून निश्चिंत होणे घातक ठरू शकते. प्रकार १ मधुमेहात हृदयविकाराचा धोका अहवाल चांगला असतानाही सामान्यांपेक्षा जास्त राहतो. मेदकणांची रचना बदललेली असते, त्यांतील प्रथिनांना साखर चिकटलेली असते आणि एचडीएलचे संरक्षक काम त्याच्या आकड्याइतके चांगले असेलच असे नाही. मूत्रपिंडे बिघडून मूत्रात अल्ब्युमिन जाऊ लागले की ट्रायग्लिसराइड व एलडीएल वाढतात आणि एचडीएल घसरते. तेव्हा केवळ इन्सुलिनची मात्रा वाढवून भागत नाही. एलडीएल कारण न कळता वाढले, तर थायरॉइडही तपासावे. या रोग्यांत थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार वारंवार सोबत येतो.

काटेकोर नियंत्रणाचा परिणाम अमेरिका व कॅनडातील डीसीसीटी या चाचणीत (१९८३–१९९३) सर्वांत स्पष्ट दिसला. तिच्यात १,४४१ रोगी होते. दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा पंप वापरणाऱ्या गटाचे एचबीए१सी (मागील काही महिन्यांच्या साखरेचे सरासरी माप) सुमारे ७ टक्के राहिले, तर रूढ उपचारांच्या गटाचे सुमारे ९. पहिल्या गटात एलडीएल १६० मिग्रॅ./डेलि.च्या वर जाण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. पुढील पाठपुराव्यात, २००५ मध्ये, त्याच गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी आढळल्या. हा लाभ केवळ मेदांमुळे झाला असे म्हणता येत नाही.

त्याच चाचणीने दुसरी बाजूही दाखवली. काटेकोर उपचारांत ज्यांचे वजन सर्वांत जास्त वाढले, त्या चतुर्थांशात ट्रायग्लिसराइड, एलडीएल व ॲपोलायपोप्रोटीन बी चढे होते आणि रक्तदाबही जास्त होता. प्रकार १ च्या रोग्यात प्रकार २ ची लक्षणे उमटण्याच्या या स्थितीला ‘दुहेरी मधुमेह’ म्हणतात. इन्सुलिनचे वाढते युनिट, साखर उतरण्याच्या भीतीने खाल्लेले जादा पदार्थ आणि घरातील प्रकार २ चा इतिहास हे सारे त्यात एकवटते. मात्र वजनाच्या धास्तीने काही तरुण रोगी डोस चुकवतात, ते याहून वाईट. मेद व कीटोन दोन्ही उसळतात.

आधीच बऱ्या असलेल्या नियंत्रणात इन्सुलिन आणखी वाढवून एलडीएल फारसे उतरत नाही. त्यासाठी आहार आणि गरजेप्रमाणे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे वापरतात. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेह्यांना स्टॅटिन सुचवले जाते. मुलांत ते वयाच्या दहा वर्षांनंतर आणि आहारातील बदल करूनही एलडीएल चढेच राहिले तर दिले जाते. गर्भारपणात ते सहसा थांबवतात, इन्सुलिन मात्र चालूच राहते.