आवार-देखभाल, भाड्याच्या जागेतील
भाड्याने दिलेल्या घराचे अंगण, परसबाग व कुंपण राखण्याबाबत घरमालक व भाडेकरू यांच्यात असलेली कर्तव्यविभागणी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यासाठी याबाबत वेगळा कायदा नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे (पहा : भाडेनियंत्रण). त्यातील ‘जागा’ या संज्ञेत इमारतीलगतची बाग, आवार व उपगृहेही मोडतात. विरुद्ध करार नसल्यास जागा सुस्थितीत ठेवणे कलम १४ नुसार मालकावर बंधनकारक आहे. नोटिशीनंतर किमान पंधरा दिवसांच्या वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. झाडलोट, पाणी घालणे, तण काढणे यांबाबत अधिनियम मौन बाळगतो. वाद बहुधा याच कामांवरून होत असल्याने त्यांचा करारात स्पष्ट उल्लेख महत्त्वाचा ठरतो (पहा : लिव्ह अँड लायसन्स करार). मालकाच्या लेखी संमतीशिवाय आवारात कायम बांधकाम करणे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. शहरी हद्दीत झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली पूर्वपरवानगी लागते (पहा : वृक्ष प्राधिकरण).