उवा पाहणारी आई

चित्राला ओळी नसतात. तरी अक्कलकोटच्या एका माळवदी घरात, भर दुपारी, या चित्राची छापील प्रत मांडीवर घेऊन बसले तेव्हा नजर डावीकडून उजवीकडे जशी सरकली तशा त्याच्या ओळी पाडल्या. चित्रकार पीटर द होख, काळ १६५८ ते १६६० च्या आसपास. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डच लोक त्याला ‘मूडरटाक’ म्हणतात, आईचे काम.

दार उघडे, उजेड पलीकडच्या खोलीतून.

चित्रात उजेड आडवा येतो. माळवदाच्या घरात तो साण्यातून उभा पडतो, जमिनीवर एक चौकोन टेकवतो आणि तो चौकोन दिवसभर सरकत राहतो. होखचा उजेड पलीकडची खोली ओलांडून येतो, फरशीवर चकाकतो आणि आईपाशी पोचेपर्यंत मऊ होतो. फरशी त्याने किती जीव लावून रंगवली आहे! नवल नाही, होखचा बाप गवंडी होता आणि आई सुईण. फरशी आणि बाळंतीण, दोन्ही त्याच्या घरचीच.

कुत्रे पाठमोरे, उजेडाकडे तोंड.

अभ्यासकांना डच चित्रातल्या प्रत्येक कुत्र्यात निष्ठा दिसते. मला ऊब शोधणारे कुत्रे दिसते.

लेकराचे डोके आईच्या मांडीत; आईची बोटे केसांत.

सगळे चित्र इथे गोळा होते. लेकरू गुडघे टेकून आहे, तोंड मांडीत खुपसलेले. आपल्याकडे लेक आईकडे पाठ करून पुढ्यात बसते, तेही ओट्यावर, उन्हात. कधी तिच्या मागे आई, आईच्या मागे आजी, अशी रांगच लागते, आणि गल्लीतल्या बातम्या पुढून मागे जातात. अक्कलकोटात वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपते, त्यामुळे उवेला ‘हेनु’ म्हणणारीही घरे आहेत. ‘‘गप बस की गं जरा’’ मात्र सगळीकडे तेच. होखच्या खोलीत कुणीच बोलताना दिसत नाही.

रूमर व्हिसरच्या १६१४ च्या ‘सिन्नेपॉपेन’ या बोधचित्रांच्या पुस्तकात फणी आहे: ती मळ काढते आणि शोभाही आणते. त्या धाग्याने या चित्रात संस्काराचा धडा वाचला जातो. डोके साफ तसे मन साफ. पटते, पण अर्धेच. जिने खरोखर उवा काढल्या आहेत तिला ठाऊक असते की तिथे बोध नसतो, शिकार असते. कानामागे एक हलली की बाकीचे जग नाहीसे होते. ती दोन नखांत सापडेपर्यंत आई श्वासही जपून घेते. खोलीतली शांतता ही त्या पाळतीची आहे. तिला वात्सल्याची शांतता म्हणणे मला थोडे भाबडे वाटते.

आपल्याकडच्या चित्रांतली आई वेगळी. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून आपल्या भिंतींवर देवादिकांची चित्रे आणली. त्याच्या कुंचल्यातली यशोदा कृष्णाला नटवते. त्या कुरळ्या केसांत ऊ शोधायची कुणाची छाती झाली नाही!

मागे भिंतीतला पलंग. बाजूला झाकण असलेले तांब्याचे भांडे.

भांड्यात निखारे घालून अंथरूण तापवायचे. एप्रिलमध्ये रात्री माळवदावर पाणी शिंपडून झोपणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते.

उजव्या कोपऱ्यात लहान लाकडी खुर्ची.

ही लेकराला शीला बसवायची खुर्ची. डच नावही तितकेच रोखठोक, ‘काकस्टूल’. इतक्या नेटक्या खोलीत होखने ती अगदी पुढ्यात ठेवली, हे मला फार आवडते. आपल्याकडे आई पाय पसरून बसते, दोन पावलांत फट ठेवते आणि बाळाला त्यांवर धरते. सुताराची गरज पडत नाही. चित्रातली खुर्ची रिकामी आहे. मांडीतले लेकरू तिच्यापेक्षा मोठे वाटते. धाकटे कुठे दिसत नाही. पलंगाच्या पडद्याआड झोपले असेल तर ते उठायच्या आत एवढे डोके उरकायला हवे.