घरची बोली, शाळेची जबान, राज्याची भाषा

महाराष्ट्रातील मुसलमानांची मातृभाषा कोणती, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : उर्दू. मराठी माणूस हेच उत्तर देतो आणि पुष्कळदा मुसलमानही हेच देतो. प्रत्यक्षात रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानाच्या घरात कोकणी बोलली जाते. सोलापूर-लातूरकडे दखनी आहे. बोहरी आणि खोजा घरांत गुजराती, तर मेमन घरांत मेमनी. घाटावरच्या खेड्यापाड्यांतला पिंजारी, आतार, मुलाणी शेजाऱ्यासारखीच मराठी बोलतो. शुद्ध उर्दू घराच्या उंबऱ्याच्या आत क्वचितच सापडते. ती असते शाळेत, मशिदीच्या बयानात, मुशायऱ्यात आणि लग्नाच्या पत्रिकेवर.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना ही गोष्ट रोज समोर येते. वर्गातल्या मुलाची घरची बोली एक, शाळेची जबान दुसरी आणि राज्याची भाषा तिसरी. हे तिपेडी ओझे त्याच्या पाठीवर कुणी आणि कधी ठेवले, याचा इतिहास आपण फारसा वाचत नाही. तो वाचल्याशिवाय मूल मागे का पडते, या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

सुरुवात मुंबई इलाख्यापासून करू. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने देशी भाषांतून शिक्षणाचा पुरस्कार केला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने १८२० च्या दशकात गणिताची पुस्तके मराठीत आणवली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. शाळेतली मराठी ठरू लागली, पण ती पुण्याच्या शिष्टांची मराठी होती. म्हणजे कोकणातला कुणबी, खानदेशातला अहिराणी बोलणारा शेतकरी आणि वऱ्हाडी माणूस यांच्या मुलांनाही शाळेची भाषा परकीच वाटली असणार. घरची बोली आणि शाळेची भाषा यांतली दरी केवळ मुसलमान मुलाच्या वाट्याला आलेली नाही, हे येथेच लक्षात ठेवलेले बरे.

१८८२ साली हंटर कमिशन नेमले गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी या कमिशनपुढे निवेदन सादर केले. ज्या जोतीरावांचे शिक्षण तुटले असताना गफ्फार बेग मुन्शी यांनी गोविंदरावांची समजूत घालून त्यांना पुन्हा शाळेत पाठवायला लावले, तेच हे जोतीराव. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे ज्ञान असा जगण्याशी जोडलेला अभ्यासक्रम मागितला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असेही सुचवले. शिक्षक आणि मूल यांच्यात संस्कृतीची भिंत उभी असेल तर शिक्षण अडते, हे फुल्यांनी त्या काळी नेमके हेरले होते.

त्याच कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणाविषयी सतरा शिफारशी केल्या. त्यांतल्या दोन आपल्याला आजही भोवतात. पहिली अशी की मुसलमानांच्या प्राथमिक व माध्यमिक शाळांत हिंदुस्थानी हे मुख्य माध्यम असावे. मात्र जेथे त्या समाजाला दुसरी भाषा हवी असेल ती ठिकाणे वगळावीत. दुसरी अशी की जेथे राज्यकारभाराची देशी भाषा हिंदुस्थानी नाही, तेथे ती भाषा ऐच्छिक विषय म्हणून जोडावी आणि अंकगणित व हिशेब त्याच भाषेतून शिकवावेत. म्हणजे दार उघडे होते. कोकणच्या मुसलमानाला आपली मुले मराठीत शिकवण्याची मोकळीक होती, आणि जमाखर्च तरी मराठीतून शिकावा अशी सूचना होती. पुढच्या काळात पहिल्या शिफारशीतले माध्यम पक्के झाले. अपवादाचे कलम आणि हिशेबाची सूचना मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेली.

असे का झाले? याचे उत्तर मुंबईतल्या अंजुमन-ए-इस्लामच्या इतिहासात काही अंशी सापडते. ही संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. संस्थापकांत कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे बंधू होते, नाखुदा महंमद अली रोगे होते. तय्यबजी घराण्याची मूळ भाषा गुजराती, तर रोगे कोकणी मुसलमान. दोघांपैकी कुणाचीही वडिलोपार्जित बोली उर्दू नव्हती. तरीही मुंबईतल्या नाना जमातींच्या मुसलमानांना एकत्र आणणारी भाषा म्हणून उर्दूचा स्वीकार झाला. त्यामागे तर्क होता. सत्ता गेलेली, फारसीचा दरबारी मान गेलेला, इंग्रजी शिक्षणाकडे समाजाने पाठ फिरवलेली. अशा वेळी एका भाषेच्या छत्राखाली समाज गोळा करावा, हा विचार त्या काळाला धरून होता. त्या पिढीने शाळा काढल्या, मुली शिकवल्या. त्यांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण भाषा ही समाजाची निशाणी झाली की तिच्या शैक्षणिक उपयोगाचा विचार मागे पडतो. मूल कोणत्या भाषेत चटकन समजते, हा प्रश्न विचारणेही मग दगाबाजी वाटू लागते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ती मराठवाड्यात आहे. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू राज्यभाषा झाली. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी भाषांतराचे खाते, म्हणजे दारुल तर्जुमा, सुरू झाले होते. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. विज्ञान, वैद्यक, कायदा या सर्वांची परिभाषा उर्दूत घडवली गेली. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येते हे उस्मानियाने सिद्ध केले, आणि ही कामगिरी लहान नव्हे. परंतु त्या राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. परभणी-नांदेडच्या मराठी मुलाला खालच्या वर्गांनंतर इतिहास-भूगोल उर्दूतून घोकावा लागे. ज्या भाषेला उस्मानियाने देशी म्हणून गौरवले, ती या मुलाला इंग्रजीइतकीच परकी होती. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखे प्रयत्न त्यातूनच पुढे आले. भाषेचा प्रश्न हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मुळाशी असलेल्या अनेक प्रश्नांपैकी एक होता.

त्या व्यवस्थेतून काही चांगलेही निपजले. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी उर्दू काव्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या मराठी माणसाला गालिब परका नव्हता. पण हुशार मुलाला दुसरी भाषा पंख देते म्हणून सर्वांवर ती लादावी, असा निष्कर्ष निघत नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. मग मराठवाड्यातल्या उर्दू शिकलेल्या मुसलमान तरुणावर पाळी आली. कालपर्यंतची कारभाराची भाषा एका रात्रीत निरुपयोगी झाली. काल मराठी मूल ज्या जागी उभे होते, तेथे आज मुसलमान मूल येऊन उभे राहिले.

हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट स्वच्छ दिसते. दोष उर्दूचा नाही आणि मराठीचाही नाही. मुलाच्या घरची बोली विचारात न घेता वर्गाची भाषा ठरवली गेली, हे खरे दुखणे आहे.

वर्गात याचा परिणाम कसा दिसतो? दखनी बोलणारे मूल ‘मेरेकू नक्को’ म्हणते. त्याला लगेच टोकले जाते, ‘मुझे नहीं चाहिए’ म्हण. दोन-चार वेळा टोकले की ते बोलायचेच बंद होते. त्या ‘नक्को’मध्ये मराठीचा ‘नको’ आहे. ‘ऐसाच’, ‘वोइच’ यांतला ‘च’ सरळ मराठीचा आहे. आणि दखनी काही बिघडलेली उर्दू नाही. दिल्लीत उर्दू शायरी रुजण्याच्या कितीतरी आधी दखनीत काव्य होत होते. बहमनी काळात ‘कदमराव पदमराव’ लिहिले गेले. गोवळकोंड्याच्या वजहीने १६३५ मध्ये ‘सबरस’ हा गद्यग्रंथ लिहिला. वली औरंगाबादीचे काव्य उत्तरेत पोहोचले तेव्हा दिल्लीच्या शायरांनी तो नमुना समोर ठेवला. ज्या बोलीने उर्दूला वाट दाखवली, तिच्या लेकराला उर्दूच्याच वर्गात अशुद्ध ठरवले जाते.

मराठीच्या तासाला वेगळी गंमत घडते. ‘खाली बस’ म्हटले की नवे मूल गोंधळते, कारण उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘तालीम’ त्याच्या लेखी शिक्षण, तर मराठीत कुस्तीचा आखाडा. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. उलट मराठी शाळा ज्या शब्दांवर चालते त्यांतले कितीतरी त्याच्या ओळखीचे निघतात : हजेरी, दप्तर, शाई, कागद, तक्ता, इमारत, शाबास. गणितात तर नवलच. उर्दूत आपण जमा, तफरीक, जर्ब, तकसीम शिकवतो. मराठी मूल बेरीज आणि वजाबाकी करते. ‘बेरीज’ फारसीतून आलेली. ‘वजा’ आणि ‘बाकी’ दोन्ही मूळचे अरबी. हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवले की मराठीची भीती निम्मी पळते. ही भाषा आपल्याही पूर्वजांच्या हातून घडली आहे, ही जाणीव होते. शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, शाहीर अमर शेखांनी महाराष्ट्र जागवला, हे त्यानंतर सांगितले तर ते मनात रुजते.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही मराठीच आहोत असा आवाज लेखकांनी उठवला. तो आवाज शाळेच्या वर्गापर्यंत अजून पुरता पोहोचलेला नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. उर्दू शाळांत मराठी आधीपासूनच शिकवली जात होती. प्रश्न सक्तीचा नाही, शिकवण्याच्या रीतीचा आहे. दहावी होऊन मुलाला तलाठ्याकडे द्यायचा अर्ज मराठीत लिहिता येत नसेल, तर त्याचा तोटा कोणत्याही कायद्याने भरून निघणार नाही. याच भीतीने आज पालक उर्दू शाळा सोडून ऐपत नसताना इंग्रजीकडे धावत आहेत. तेथे तर घरची बोली आणखी दूर जाते.

आपल्याला काय करता येईल? पहिलीत आलेल्या मुलाला निदान काही महिने त्याच्या बोलीत बोलू द्यावे. दखनी किंवा कोकणी चूक न मानता तिच्यावरून उर्दूकडे आणि मराठीकडे पूल बांधावा. मराठीचे पाठ शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांबरोबर खेळून, बाजारात हिशेब करून शिकवावेत. गणिताचे शब्द दोन्ही भाषांत एकाच वेळी द्यावेत, म्हणजे मुसल्लस आणि त्रिकोण, दायरा आणि वर्तुळ. १८८२ च्या शिफारशीतली जमाखर्च मराठीतून शिकवण्याची सूचना अशी तरी अमलात येईल. आणि डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात दखनी-कोकणीची निदान तोंडओळख हवी, कारण ज्याला मुलाची बोली कळत नाही त्याला मुलाची चूकही कळत नाही. चूक भाषेची आहे की समजुतीची, हे ओळखता आले तरच पुढचा धडा शिकवता येतो.