मेणाची दाढ

मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत आपल्यातल्याच एकाने मला विचारले होते, "दात उपटायला चार-चार वर्षे काय शिकता गं तुम्ही?" सगळे हसले, मीही हसले. यंदा स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा तोच प्रश्न आठवला. इतिहासाचे सर म्हणायचे, "आज जे दिसते ते तसेच का दिसते, हे विचारायला शिका." म्हणून हा प्रश्न सरांच्या पद्धतीने सोडवून पाहते.

प्रश्नात तथ्य आहे, कारण अनेक शतके दात उपटण्यासाठी कोणीच काही शिकत नव्हते. युरोपात हे काम न्हावी करत, आपल्याकडे बाजारात बसणारे दातवाले. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतवैद्यकावर सविस्तर ग्रंथ लिहिला, पण शिक्षण मात्र उमेदवारीचेच राहिले. जगातले पहिले दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघाले. आपल्या देशात ते काम डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात केले. अमेरिकेतून शिकून आलेल्या या माणसाने कॉलेजच्या खर्चासाठी चक्क सोडा फाउंटनचे दुकान चालवले होते. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. देशभर लागू होणारा दंतवैद्यक कायदा मात्र १९४८ मध्ये आला.

आता १९८८ सालच्या माझ्या वेळापत्रकाकडे या. बारावीच्या गुणांवर एका शासकीय दंत महाविद्यालयात प्रवेश मिळाला. सकाळी आठला व्याख्यान, मग शवविच्छेदन, दुपारी दोनपासून प्रयोगशाळा. हा दिवस मधोमध दुभंगलेला वाटायचा. सकाळी आम्ही डॉक्टर आणि दुपारी कारागीर! का, ते पुढे कळले. दंतवैद्यकाला आई-बाप दोन आहेत. एक वैद्यक, दुसरी कार्यशाळा. कवळ्या बनवणाऱ्यांची हातोटी दुपारच्या तासात उतरली. सकाळचा वारसा वैद्यकाचा. दंतवैद्यकाचा पाया वैद्यकाइतकाच शास्त्रीय हवा आणि ते विद्यापीठात शिकवले जावे, असा आग्रह अमेरिकेत विल्यम गाईझ यांनी १९२६ च्या अहवालात धरला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन्ही घरची कामे एकाच दिवसात करावी लागतात.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये एका टेबलाभोवती आम्ही दहा जण. फॉर्मालिनने डोळे चुरचुरायचे. तो वास केसांत बसायचा आणि मेसमधल्या वरणातही यायचा. पहिल्या आठवड्यात मी जेमतेम जेवले. डोक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. त्यातली पाचवी आमची, कारण दातांची संवेदना तीच वाहून नेते. तिच्या फांद्या कवटीतल्या कोणत्या छिद्रातून बाहेर पडतात, हे हातात हाडे धरून पाठ करायचे. शिवाय शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या. त्यांची चित्रे गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये काढता काढता वसतिगृहावर रात्रीचा एक वाजायचा.

दुपारी मेण. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा, तोही मापात. वरच्या पहिल्या दाढेचा माथा पुढून मागे १० मिलिमीटर आणि गालाकडून टाळूकडे ११. चार उंचवटे कोरायचे, शिवाय कधी कधी आतल्या बाजूला पाचवा छोटा उंचवटा असतो. व्हिएन्नाच्या काराबेली या दंतवैद्याच्या नावाने तो ओळखला जातो. अर्धा मिलिमीटर जास्त खरवडले तर मेण परत चिकटवता येत नाही, नवा ठोकळा घ्यावा लागतो. माझी सलग सहावी दाढ तपासताना शिक्षकांनी सगळ्यांसमोर तिचे दोन तुकडे केले आणि म्हणाले, "मराठी मीडियम का?" मेणाचा आणि माध्यमाचा काय संबंध, हे मला आजही कळलेले नाही. त्या दिवशी मात्र ते खरेच वाटले.

पहिल्या सत्र परीक्षेत मी तिन्ही लेखी विषयांत नापास झाले. दिवाळीला ट्रंक घेऊनच घरी आले, परत न जाण्याच्या विचाराने. घरी काहीच सांगितले नव्हते. हत्यारांचा संच घेण्यासाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले होते, सांगणार तरी कसे? बाजारात इतिहासाचे सर भेटले. त्यांनी फक्त "कसं चाललंय?" एवढेच विचारले आणि मी रस्त्यातच रडले.

सरांनी समजूत घातली नाही. "अडतंय कुठे?" असे विचारले. मी म्हटले, "सर, इंग्रजीचं एक पान वाचायला तास लागतो." ते म्हणाले, "वहीच्या डाव्या पानावर तुला समजलं ते मराठीत लिही. उजव्या पानावर तेच इंग्रजीत. परीक्षा उजव्या पानाची आहे, पण डावं पान कोरं असेल तर उजवं टिकणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी चार वह्या घरी पाठवल्या. वडिलांना तेव्हाच कळले. ते रागावले नाहीत. "ट्रंक परत भर," एवढेच म्हणाले.

त्या चारही वह्या वर्षअखेर भरल्या. मार्चपर्यंत डावे पान आखूड होत गेले. मेणाची दाढ अकराव्या खेपेला मान्य झाली. वार्षिक परीक्षेत पास झाले, शरीररचनाशास्त्रात अगदी काठावर. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी खालच्या जबड्याचे हाड हातात दिले तेव्हा आधी मराठीतच उत्तर सुचले, मग ते इंग्रजीत सांगितले.

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की दात उपटायला थोडाच वेळ लागतो. बाकीची वर्षे कोणता उपटू नये, आणि उपटताना त्यामागचा माणूस कसा सांभाळावा, हे शिकण्यात जातात.

आणखी एक. आता आपल्यापैकी अनेकांची मुले अशाच पहिल्या वर्षाला आहेत. पहिल्या सहामाहीत मूल फोनवर "ठीक आहे" एवढेच म्हणत असेल, तर गुण विचारू नका, "अडतंय कुठे?" असे विचारा. सरांनी मला तेवढेच विचारले होते. सर, हा लेख तुमच्या हाती पडेल तेव्हा चुका लाल शाईने दाखवा. मेळाव्याला येताना चौथी वही घेऊन येते आहे. त्यातली शेवटची दोन पाने कोरी आहेत, तिथे तुमची सही हवी आहे.