घाटमाथ्याचा मुक्काम

सहलीला निघताना कुठे उतरायचे हे आपण आवडीवर आणि खिशावर ठरवतो. थळ घाटाच्या माथ्यावरच्या इगतपुरीचा इतिहास पाहिला तर इथला मुक्काम मात्र शतकानुशतके या घाटानेच ठरवलेला दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्याची नोंद त्यात आहे. यांतले शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, सह्याद्रीच्या पायथ्यापलीकडे कोकणात. तर गोवर्धन नाशिकजवळ, घाटावर. मधल्या चढणीने माणसे आणि जनावरे थकत, म्हणून अशा वाटेच्या दोन्ही टोकांना विसाव्याची सोय करणे हे पुण्यकर्म मानले गेले.

रेल्वेनेही घाटाचा हुकूम मोडला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला मार्ग 1865 मध्ये खुला झाला. कसारा ते इगतपुरी या टप्प्यात रूळ सुमारे 300 मीटर वर चढतात आणि चढ 37 ला 1 इतका तीव्र आहे. त्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावायची, त्यांनी गाडी रेटत वर आणायची आणि इगतपुरीला ती सोडायची, असा क्रम पडला. पुढे घाटात विजेची इंजिने आली. नंतर इगतपुरीच्या पूर्वेला एसी आणि पश्चिमेला डीसी प्रवाह असल्याने तिथे इंजिनच बदलावे लागे. गाडी थांबे म्हणून फलाट गजबजे, आणि चालक, गार्ड, फिटर यांच्या वस्तीने गाव वाढले.

यावर कोणी म्हणेल की लोक इथे हवेसाठी येत; उन्हाळ्यात मुंबईचे गोरे अंमलदार हवापालटाला येतच असत. ते खरे आहे. पण तशीच थंड हवा कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातही होती, तिथे शहर उभे राहिले नाही. हवा रेल्वेमुळे आवाक्यात आली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1976 पासून इथल्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना ध्यानाची शिबिरे भरतात आणि साधक तिथे दहा दिवस स्वेच्छेने राहतात. इथे घाटाची सक्ती कुठे? सक्ती नाही, हे मान्य. पण देशभरातून साधकांना पोहोचणे सोपे झाले ते याच स्टेशनामुळे. सक्तीच्या थांब्यानेच स्वेच्छेच्या मुक्कामाची वाट मोकळी केली.

आता ती सक्ती बरीच सैल झाली आहे. पूर्ण मार्ग एसी झाला, पुढे-मागे इंजिन असलेल्या पुश-पुल गाड्यांना बँकर लागत नाही, आणि 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर मोटारी बोगद्यातून घाट पार करू लागल्या. घाट ठरवत होता ते आता प्रवासी ठरवतो, म्हणून जबाबदारीही त्याच्याकडे आली, विशेषतः पाण्याची. दारणा आणि वैतरणा या नद्यांचे पाणी धरणांतून दूरच्या शेतांना आणि मुंबईला जाते. धो धो पावसाच्या याच तालुक्यातल्या वाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून इगतपुरीत खोली ठरवताना डोंगर दिसतो का, एवढेच विचारू नका. नळाला पाणी कुठून येते आणि सांडपाणी कुठे जाते, हेही विचारा, आणि उत्तर पटले तरच तिथे उतरा.