मेमरीचा वेग आणि पाठाची शुद्धी

गणकयंत्राच्या स्मृतीचा इतिहास बहुधा वेगाच्या चढत्या भाजणीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु 'वेग' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी वावरत आल्या आहेत, आणि त्यामुळे भाषाभ्यासकाचीही दिशाभूल होते. पहिली गोष्ट म्हणजे मागितलेले अक्षर हाती येण्यास लागणारा विलंब. दुसरी म्हणजे एकदा ओघ सुरू झाल्यावर दर क्षणी वाहून येणाऱ्या मजकुराचे प्रमाण. विहिरीची खोली आणि मोटेचे आकारमान यांत जो भेद, तोच येथे आहे.

महाराष्ट्रात या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. तेथे रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली उभारलेले, पुढे 'टिफ्रॅक' या नावाने ओळखले गेलेले यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असून तीत ४० बिटांचे २,०४८ यंत्रशब्द मावत. वाशिम जिल्ह्यातील 'किन्हीराजा' हे ग्रामनाम आजच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिल्यास दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट, म्हणजेच २४० बिट व्यापते. टिफ्रॅकच्या हिशेबाने नेमके सहा यंत्रशब्द. ती संपूर्ण स्मृती अन्य काहीही न साठवता केवळ या नावाने भरली असती, तर ते ३४१ वेळा लिहिता आले असते. फेराइटच्या कड्याचा एक विचित्र धर्म असा की, वाचताक्षणी त्यातील नोंद पुसली जाते व ती पुन्हा लिहावी लागते. म्हणून अशा स्मृतीच्या आवर्तनात वाचनाबरोबर पुनर्लेखनाचाही काळ धरावा लागतो. त्याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याचे स्मृति-आवर्तन दीड मायक्रोसेकंदाचे होते.

पुढे कड्यांची जागा विद्युत्‌भार साठविणाऱ्या सूक्ष्म कोठ्यांनी घेतली. इंटेलची ११०३ ही चकती १९७० मध्ये बाजारात आली. या कोठ्यांतील भार गळत असल्याने तो वारंवार भरावा लागतो, आणि आजच्या कोठ्यांत वाचताना तो नष्ट होतो, हा जुना दोष येथेही आढळतो. आज 'रॅम' म्हणून विकत मिळणारी पट्टी याच जातीची होय.

तिच्या गतीची तुलना करताना आकडे डोळसपणे वाचले पाहिजेत. डीडीआर३-१६०० या प्रकारच्या पट्टीत ओळ उघडल्यानंतर पहिले अक्षर मिळेपर्यंत ११ ठोके जातात. ठोका सव्वा नॅनोसेकंदाचा असल्याने विलंब १३.७५ नॅनोसेकंद होतो. डीडीआर४-३२०० मध्ये ठोका निम्म्याने लहान झाला, परंतु ठोक्यांची संख्या २२ झाली. विलंब पुन्हा १३.७५ नॅनोसेकंदच. ओघ मात्र दुप्पट झाला. जाहिरातीत हा दुसरा आकडा छापतात, पहिला नव्हे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे ठोक्याची गती नेणे. मेमरीच्या बाबतीत विद्युत्‌दाब थोडा वाढवून व प्रतीक्षेचे ठोके घटवून हे साधतात. डीडीआर४ चा विहित दाब १.२ व्होल्ट, तो १.३५ करून २२ ऐवजी १६ ठोके ठेवले, तर विलंब १० नॅनोसेकंदांवर येतो. अशी तयार मापे पट्टीवरच नोंदवून ठेवण्याची एक्सएमपी नामक व्यवस्था इंटेलने २००७ मध्ये रूढ केली. शब्दसंग्रह क्रमाने चाळून शब्दांची वारंवारता काढणाऱ्या अभ्यासकाला ओघ वाढल्याचा लाभ होतो. कोशात इतस्ततः शब्द शोधणाऱ्याला विलंब घटल्याचा. दोन्ही कामांचा पुष्कळसा भाग प्रक्रियकाच्या निकटच्या लहान स्मृतीतच उरकत असल्याने प्रत्यक्ष लाभ जाहिरातीतील आकड्यांहून बराच कमी भरतो.

आता या वेगाच्या किमतीकडे वळू. मर्यादेपलीकडे चालविलेली पट्टी प्रत्येक वेळी यंत्र बंद पाडतेच असे नाही. कधी ती एखादा बिट मुकाट्याने उलटवते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की संकेतावर, म्हणजे पर्यायाने आपल्या वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली आहे. त्यामुळे 'क' मधील एक बिट उलटला की 'ग' होतो, 'त' चा 'द' होतो, 'प' चा 'फ' होतो. काळ–गाळ, तार–दार, पळ–फळ या जोड्यांत दोन्ही शब्द शुद्ध मराठी असल्याने शुद्धलेखन तपासणारी यंत्रणा येथे निरुपयोगी ठरते. वेगळा एक बिट उलटल्यास 'क' चा 'व' होतो. पोथी उतरविणाऱ्या लेखकाच्या हातून 'घ' चा 'ध' किंवा 'भ' चा 'म' होतो, कारण त्याचा डोळा आकृतीने फसतो. 'क' चा 'व' त्याच्याकडून सहसा होणार नाही. यंत्राचा प्रमाद आकृतीने नव्हे, क्रमांकाने घडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-संपादनाने पाठचिकित्सेची जी शिस्त घालून दिली, ती पहिल्या प्रकारच्या प्रमादाची कुळी ओळखते. दुसऱ्या प्रकारासाठी प्रमादांची निराळी सारणी करावी लागेल.

बोलींच्या संग्रहात ही अडचण विशेष तीव्र होते. प्रमाण मराठीच्या ग्रंथात अनपेक्षित रूप आढळले, तर संपादक संशय घेतो. बोलीच्या संग्रहात अनपेक्षित रूप हीच तर सामग्री असते. किन्हीराजाचा परिसर वऱ्हाडीचा. वऱ्हाडीत 'ळ' च्या जागी 'य' येतो : डोळा–डोया, काळा–काया. समजा, संग्रहातील 'काया' या रूपातील एक बिट उलटून 'गाया' झाले. अभ्यासक ते 'गाळा' याचे वऱ्हाडी रूप म्हणून विनातक्रार स्वीकारील, कारण ध्वनिनियम त्याला अनुकूलच आहे. नियमात बसणारी चूक नियमाच्या साहाय्याने सापडत नाही.

उपाय अज्ञात नाहीत. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोषशोधक संकेताच्या आधारे ६४ बिटांमागे आठ बिट राखून एका बिटाचा प्रमाद दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या मिळतात. घरगुती यंत्रांत त्या क्वचितच असतात. धारिकेची पडताळणी-बेरीज घेणे हा दुसरा उपाय, परंतु त्याची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. अक्षर चकतीवर उतरण्यापूर्वीच मेमरीत बिघडले असेल, तर बेरीज बिघडलेल्या पाठाचीच होते आणि पुढे वर्षानुवर्षे ती त्या पाठाला निर्दोष म्हणून दाखला देत राहते. म्हणून बोलीसंग्रहाचे लिप्यंतर करताना यंत्र विहित गतीनेच चालवावे, आणि संशयित रूपांसाठी मूळ ध्वनिमुद्रण व हस्तलिखित टिपणवह्या जपून ठेवाव्यात, हे इष्ट. 'गाया' की 'काया' हा निर्णय तेथे कान लावूनच करता येतो.